बोटाच्या पेराएवढे मलम

तुमच्या घरात औषधांचा डबा असेलच. कधी तो पत्र्याचा असतो, कधी कपाटातला एखादा खण असतो. तो उघडून पाहा. तापाच्या गोळ्या, बामची बाटली, कापूस, चिकटपट्टी आणि या सगळ्यांच्या तळाशी, शेपटीकडून गुंडाळत आणलेली मलमाची एखादी ट्यूब. ती कोणी आणली, कशासाठी आणली, हे नीटसे कोणालाच आठवत नाही. 'खाज आली की लावायची' एवढेच घरात सर्वांना ठाऊक असते.

आता एक भिंग घ्या आणि त्या ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचा. हायड्रोकॉर्टिसोन, बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल यांपैकी एखादे नाव तिथे सापडले, तर तुमच्या हातात आहे ते स्टेरॉईड मलम. त्वचारोगांवरच्या उपचारांत या औषधाइतकी मोलाची भर क्वचितच दुसऱ्या कोणत्या औषधाने घातली असेल. आणि याच्याइतका गैरवापरही क्वचितच दुसऱ्या कोणाचा होत असेल. मी शाळेत विज्ञान शिकवतो. गेल्या पावसाळ्यात माझ्याच दोन विद्यार्थ्यांमुळे मला या मलमाचा अभ्यास करावा लागला. तो करताना जे कळले ते तुम्हाला सांगतो.

पहिला विद्यार्थी नववीतला, कबड्डीच्या संघातला. घामाने आणि पावसाने भिजलेले कपडे तासन् तास अंगावर. कमरेला आणि जांघेत त्याला नायटा झाला. लाजेमुळे घरी सांगितले नाही. औषधांच्या दुकानात जाऊन 'खाजेचं काहीतरी द्या' म्हणाला आणि एक ट्यूब घेऊन आला. तीन दिवसांत खाज थांबली, लाली गेली. स्वारी खूश! त्याने लावणे बंद केले आणि आठवड्याभरात नायटा दुप्पट होऊन परतला. पुन्हा मलम, पुन्हा आराम, पुन्हा नायटा. असे तीन-चार महिने चालले. तोवर ती ट्यूब संघातल्या आणखी दोघांनी वापरून पाहिली होती.

दुसरी विद्यार्थिनी सातवीतली. कोपरांच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्यांमागे तिला लहानपणापासून इसब आहे. वर्गात पेंगते म्हणून मी एकदा रागावलो. नंतर तिच्या आईकडून कळले की पोर रात्रभर खाजवत असते, पहाटे पांघरुणावर रक्ताचे डाग असतात. डॉक्टरांनी मलम दिले होते, पण आईने कोणाकडून तरी ऐकले की ते 'स्टेरॉईडवालं' आहे. 'सर, ते फार वाईट असतं म्हणतात. कातडी जळते. मी तर घाबरून फेकूनच दिलं,' त्या म्हणाल्या.

एकाने मलम वाटेल तसे फासले, दुसरीच्या घरात ते भीतीने फेकले गेले. मग या मलमात असते तरी काय?

मूत्रपिंडाच्या डोक्यावरची टोपी

स्टेरॉईड हे एका औषधाचे नाव नव्हे; ते रेणूच्या एका सांगाड्याचे नाव आहे. वहीच्या कोपऱ्यात तीन षट्कोन आणि एक पंचकोन एकमेकांना चिकटवून काढा. झाला स्टेरॉईडचा सांगाडा. त्याच्या कडांवर वेगवेगळे अणुगट बसवले की वेगवेगळी संयुगे तयार होतात. कोलेस्टेरॉल हे स्टेरॉईडच आहे. मुलाला मिसरूड फुटते ते ज्या संप्रेरकामुळे, तेही स्टेरॉईडच. काही खेळाडू स्नायू फुगवण्यासाठी चोरून घेतात आणि पकडले जातात, ती स्टेरॉईडे या दुसऱ्या कुळातली. मलमातले स्टेरॉईड मात्र तिसऱ्याच कुळातले आहे. नाव एक म्हणून गुण एक असे समजू नये. (आडनावावरून माणसाची पारख करण्यातलाच हा प्रकार!)

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक छोटी ग्रंथी बसलेली असते. तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. तिच्या बाहेरच्या थरात हायड्रोकॉर्टिसोन हे संप्रेरक तयार होते. म्हणजे, ज्या पदार्थाच्या नावाने ती माउली घाबरली, तो तिच्या मुलीच्या शरीरात रोज तयार होत होता आणि त्यावाचून कोणी जगूही शकत नाही.

अमेरिकेतील रॉचेस्टर गावच्या मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडल हे रसायनशास्त्रज्ञ आणि स्वित्झर्लंडमध्ये टाडेउश राइखश्टाइन असे दोघेजण १९३० नंतरच्या दशकात या ग्रंथीतून एकामागून एक संयुगे वेगळी काढत होते. केंडल यांनी त्यांना क, ख, ग अशा थाटाची इंग्रजी अक्षरे दिली. 'ई' संयुग म्हणजे पुढे कॉर्टिसोन आणि 'एफ' संयुग म्हणजे हायड्रोकॉर्टिसोन. ग्रंथीतून ती इतकी थोडी मिळत की औषध म्हणून वापरणे अशक्यच. मग बैलाच्या पित्तातील आम्लापासून, तीसहून अधिक रासायनिक पायऱ्या चढत, कॉर्टिसोन बनवण्याची खटपट झाली. सप्टेंबर १९४८ मध्ये फिलिप हेंच या डॉक्टरांनी संधिवाताने जखडलेल्या एका २९ वर्षांच्या बाईला ते टोचले. जिला अंथरुणातून उठणे कठीण होते ती काही दिवसांतच चालू लागली. केंडल, राइखश्टाइन व हेंच या तिघांना १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले. जास्त काळ टोचल्यावर चेहरा सुजणे, हाडे ठिसूळ होणे, असे प्रकारही लवकरच दिसू लागले. ते औषध साऱ्या शरीरात फिरत होते ना!

मग त्वचारोगतज्ज्ञांच्या मनात साहजिकच आले: दुखणे कातडीवर आहे, तर औषधही कातडीवरच का लावू नये? त्यांनी कॉर्टिसोनचे मलम करून पाहिले. काही उपयोग झाला नाही. गंमत अशी की कॉर्टिसोन स्वतः निष्क्रिय असते. यकृत त्याचे हायड्रोकॉर्टिसोनमध्ये रूपांतर करते आणि मग ते कामाला लागते. टोचलेले औषध रक्तावाटे यकृतात पोचत होते. कातडीवर लावलेल्याला यकृत कुठून भेटणार? १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये मॅरियन सुल्झबर्गर आणि व्हिक्टर विटेन यांनी 'ई' ऐवजी थेट 'एफ' संयुगाचे मलम वापरले आणि इसब शमला. स्टेरॉईड मलमांचा इतिहास सुरू होतो तो इथून.

आग विझवणारा पाहुणा

आपल्या हाताच्या आतल्या बाजूवर पट्टीची बोथट कड जरा दाबून ओढा. थोड्याच वेळात तिथे लाल रेघ उमटेल. काहींच्या बाबतीत ती किंचित फुगेलही. तुम्ही कातडीला डिवचले आणि तिने रक्तवाहिन्या रुंदावून उत्तर दिले. हे दाहाचे अगदी सौम्य रूप. जंतू शिरले, काटा टोचला, तर हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर होतो. रक्त धावून येते, म्हणून लाली आणि ऊब. द्रव झिरपतो, म्हणून सूज. पांढऱ्या पेशी जमतात आणि लढाई सुरू होते. दाह हा मुळात आपला मित्र आहे. इसब किंवा सोरायसिससारख्या विकारांत मात्र बाहेरून कोणी हल्ला केलेला नसतानाही, किंवा अगदी क्षुल्लक कारणाने, ही लढाई सुरू होते आणि थांबतच नाही. शत्रू नसलेल्या गावात सैन्य शिरल्यासारखे होते, नासधूस गावाचीच.

स्टेरॉईडचा रेणू मेदात विरघळणारा असल्याने तो पेशीच्या पटलातून सहज आत शिरतो. आत एक प्रथिन जणू त्याची वाट पाहत असते. त्याला ग्राही म्हणतात. कुलपात किल्ली बसावी तसा रेणू ग्राहीत बसतो आणि ही जोडी पेशीच्या केंद्रकात जाऊन डीएनएच्या ठरावीक जागी बिलगते. तिथून हुकूम सुटतात: दाह भडकवणारी प्रथिने बनवणे थांबवा, दाह शमवणारी वाढवा. रक्तवाहिन्या आकसतात, पांढऱ्या पेशींची गर्दी ओसरते, खाज कमी होते. हुकूम सुटणे, त्याप्रमाणे प्रथिने बनणे किंवा न बनणे याला वेळ लागतो, म्हणून हे मलम बामसारखे लावताक्षणी गुण देत नाही.

परंतु हा पाहुणा फक्त दाहाच्या पेशींनाच हुकूम देत नाही, आणि हीच खरी मेख आहे. बाह्यत्वचेच्या पेशी वाढणे तो मंदावतो. त्वचेला बळकटी देणारे कोलॅजेन नावाचे तंतू बनवणाऱ्या पेशींनाही तो 'काम थांबवा' असेच सांगतो. दहा-पंधरा दिवसांनी काही बिघडत नाही. पण महिनोन् महिने हे काम बंद राहिले तर त्वचा पातळ होते, आतल्या बारीक रक्तवाहिन्या बाहेरून दिसू लागतात, आणि जांघेसारख्या ठिकाणी, जिथे कातडी सतत ताणली जाते, तिथले तंतू तुटून पट्टे उमटतात. म्हणजे औषधाचा गुण आणि अवगुण असे दोन वेगळे पदार्थ ट्यूबमध्ये नसतात. कर्तबगारी एकच, किती दिवस, कुठे आणि किती, यावर तिला गुण म्हणायचे की अवगुण ते ठरते.

आकड्यांचा चकवा

आता एक प्रश्न. एका ट्यूबवर 'हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का' लिहिले आहे आणि दुसरीवर 'क्लोबेटासोल ०.०५ टक्के'. जोरदार कोणती?

हा प्रश्न मी दहावीच्या वर्गात विचारला तेव्हा चाळीसपैकी बहुतेक हात पहिल्या ट्यूबसाठी वर आले. वीसपट जास्त औषध आहे ना तिच्यात! प्रत्यक्षात दुसरी ट्यूब पहिलीपेक्षा सुमारे ६०० पट जोरदार मानतात. टक्केवारी फक्त मलमात किती औषध आहे ते सांगते. एकेक रेणू ग्राहीला किती घट्ट धरतो आणि कातडीतून किती आत जातो, हे ती सांगत नाही. रसायनशास्त्रज्ञांनी हायड्रोकॉर्टिसोनच्या सांगाड्यावर कुठे फ्लोरिनचा अणू बसवला, कुठे मेदात विरघळणारी शेपटी जोडली, आणि बळ वाढवत नेले. म्हणून या मलमांचे सौम्य, मध्यम, तीव्र आणि अतितीव्र असे चार वर्ग करतात. हायड्रोकॉर्टिसोन सौम्य, बीटामेथासोन व्हॅलरेट ०.१ टक्का तीव्र, आणि क्लोबेटासोल अतितीव्र. तीव्र वर्गातली मलमेसुद्धा सौम्याच्या शंभर-दीडशेपट असतात.

हे बळ मोजले कसे? १९६२ साली मॅकेंझी आणि स्टॉटन या दोघांनी एक फार साधी युक्ती काढली. निरनिराळी स्टेरॉईडे अल्कोहोलमध्ये विरघळवून त्यांचे थेंब निरोगी माणसांच्या हातावर ओळीने ठेवायचे, रात्रभर झाकायचे आणि सकाळी कुठे कातडी पांढुरकी पडली ते पाहायचे. स्टेरॉईड रक्तवाहिन्या आकसवते, म्हणून जागा फिकी पडते. जितक्या कमी औषधाने फिकेपणा येईल तितके औषध जोरदार. ना मोठे यंत्र, ना महागडी रसायने. हात आणि डोळे! ही कसोटी आजही वापरात आहे.

पुढच्याच वर्षी व्हिकर्स यांनी या प्रयोगात एक चमत्कार पाहिला. औषध लावून फिकी पडलेली जागा काही तासांनी पूर्ववत झाली. काही दिवसांनी त्यांनी तीच जागा, नवे औषध मुळीच न लावता, नुसत्या प्लॅस्टिकने झाकली. ती पुन्हा फिकी पडली! औषध गेलेच नव्हते. त्वचेच्या अगदी वरच्या, मृत पेशींच्या थरात, म्हणजे शृंगस्तरात, ते साठून राहिले होते आणि झाकल्यामुळे ओलावा वाढताच पुन्हा झिरपू लागले होते. शृंगस्तर म्हणजे नुसती भिंत नव्हे, तर कोठारही आहे. हे मलम दिवसातून एकदा, फार तर दोनदा लावले की पुरते, याचे एक कारण हेच. पाचदा लावून पाचपट गुण येत नाही. आणि मलम लावून वर प्लॅस्टिक किंवा घट्ट पट्टी बांधली तर कोठाराची दारे उघडतात, म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तसे करायचे नसते. तान्ह्या बाळाचा प्लॅस्टिकचा लंगोट हीदेखील एक प्रकारे घट्ट पट्टीच आहे.

शृंगस्तराची ही भिंत सगळीकडे सारखी जाड नसते. फेल्डमन आणि मेबॅक यांनी किरणोत्सारी कार्बन जोडलेले हायड्रोकॉर्टिसोन स्वयंसेवकांच्या शरीरावर वेगवेगळ्या जागी लावले आणि लघवीतून किती बाहेर पडते ते मोजले. १९६७ साली त्यांनी जे आकडे दिले ते पाहण्यासारखे आहेत. कोपरापासून मनगटापर्यंतच्या हातातून जेवढे आत जाते ते १ मानले, तर तळपायातून ०.१४, पाठीतून १.७, काखेतून ३.६, कपाळातून ६, जबड्याच्या कोपऱ्यातून १३ आणि वृषणाच्या त्वचेतून तब्बल ४२. आता कळेल की तळपायाच्या भेगाळलेल्या इसबावर डॉक्टर जे तीव्र मलम देतात तेच तोंडाला लावणे किती भलते आहे. आणि तो कबड्डीपटू अतितीव्र मलम कुठे लावत होता ते आठवा.

लहान मुलांबाबत आणखी एक हिशोब आहे. ३ किलो वजनाच्या बाळाच्या त्वचेचे क्षेत्रफळ सुमारे ०.२ चौरस मीटर असते. ६० किलोच्या माणसाचे सुमारे १.६५ चौरस मीटर. भागाकार करून पाहा. दर किलो वजनामागे बाळाला मोठ्या माणसाच्या जवळजवळ अडीचपट कातडी आहे! मोठ्या भागावर, तीव्र मलम, पुष्कळ दिवस लावले तर औषध रक्तात पोचते. मग मेंदूला वाटते की संप्रेरक भरपूर आहे आणि अधिवृक्क ग्रंथीला तो 'तू स्वस्थ बस' असे कळवतो. ग्रंथी आळशी बनते. क्लोबेटासोलच्या वापरावर आठवड्याला ५० ग्रॅम आणि सलग दोन आठवडे अशी जी मर्यादा घालतात ती यासाठीच.

किती लावायचे?

इतके सगळे वाचून तुम्हीही त्या आईसारखे घाबरला असाल, तर माझे लिहिणे फसले. तिला मी विचारले होते, 'मलम होतं तेव्हा किती लावत होता?' त्यांनी करंगळीच्या टोकावर मोहरीएवढे दाखवले. 'एक ट्यूब आठ महिने पुरली, तरी गुण नाही म्हणून तर टाकलं.' मोहरीएवढ्या मलमाने चार सांध्यांचा इसब कसा शमणार? इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे इसबाच्या २०० रुग्णांची पाहणी करून २००० साली जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्यातही सुमारे ७२ टक्के रुग्णांना वा त्यांच्या पालकांना या मलमांची धास्ती वाटत होती, आणि जवळजवळ चौघांपैकी एकाने भीतीपोटी सांगितल्याप्रमाणे मलम लावलेच नव्हते. म्हणजे ही भीती आपल्याकडचीच आहे असे नाही.

'पातळ थर लावा' या सूचनेतून प्रत्येकाने आपल्याला हवा तो अर्थ काढावा हे काही बरे नव्हे. लाँग आणि फिनले या ब्रिटिश डॉक्टरांनी १९९१ साली यावर एक माप सुचवले. ट्यूबचे तोंड साधारण ५ मिलिमीटर व्यासाचे असते. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, सांध्याच्या रेषेपासून टोकापर्यंत, मलमाची एक सरळ वळी काढायची. हे झाले एक पेर-माप. त्याचे वजन सुमारे अर्धा ग्रॅम भरते आणि ते मोठ्या माणसाच्या दोन पंजांएवढ्या, म्हणजे बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. रुग्ण लहान मूल असले तरी बोट आणि पंजा मोठ्या माणसाचाच धरायचा.

हे तुम्हाला घरी पडताळता येईल. औषध वाया घालवू नका. साधी कोल्ड क्रीम चालेल. वडिलांचा पंजा आलेखाच्या कागदावर ठेवून पेन्सिलीने गिरवा आणि चौकोन मोजा. सुमारे १५० चौरस सेंटिमीटर भरेल. दोन पंजे म्हणजे ३००. अर्धा ग्रॅम मलमाचे आकारमान ढोबळमानाने अर्धा घन सेंटिमीटर धरले तर थराची जाडी किती? ०.५ भागिले ३००, म्हणजे ०.००१७ सेंटिमीटर, म्हणजेच एका मिलिमीटरचा साठावा भाग. 'पातळ थर' म्हणतात तो हा. पांढरा लेप राहिला तर जास्त झाले, आणि कातडी नुसती चकाकली तर बरोबर.

प्रौढाच्या सगळ्या अंगाला एकदा लावायचे तर? चेहरा व मान अडीच माप, छाती-पोट ७, पाठ ७, प्रत्येक हाताला पंजा धरून ४, प्रत्येक पायाला पाऊल धरून ८. बेरीज साडेचाळीस, म्हणजे सुमारे २० ग्रॅम. १५ ग्रॅमची ट्यूब एका वेळेलासुद्धा पुरणार नाही! आमच्या सातवीतल्या मुलीचे चारही डाग मिळून आईचे दोन पंजे भरले. म्हणजे रात्री एक माप, आणि ट्यूब ३० रात्री पुरणार.

लावण्याच्या बाकीच्या गोष्टी साध्या आहेत. जिथे दाह आहे तिथेच लावायचे, शेजारच्या चांगल्या कातडीवर 'असू दे आपले' म्हणून नाही. केसांच्या दिशेने हलक्या हाताने पसरायचे, नंतर हात धुवायचे, म्हणजे ते बोट डोळ्यात जाणार नाही. पापण्यांवर महिनोन् महिने असे मलम लावल्याने काचबिंदू आणि मोतीबिंदू झाल्याची उदाहरणे आहेत. इसबाची कातडी कोरडी असते, तिला दिवसातून दोन-तीनदा साधे, वास नसलेले स्निग्ध मलम किंवा पेट्रोलियम जेली लागते. ती आणि औषधी मलम एकदम कालवून न लावता मध्ये थोडा वेळ जाऊ द्यावा. स्निग्ध मलमाला महिन्यांची मर्यादा नाही, स्टेरॉईडला आहे. दाह ओसरला की ते थांबवायचे किंवा डॉक्टर सांगतील तसे कमी करायचे. आठवडा-दोन आठवड्यांत फरक पडला नाही, तर ट्यूब बदलून न पाहता पुन्हा डॉक्टरांकडे जायचे. कारण कदाचित रोगच वेगळा असेल.

वेषांतर केलेला नायटा

रोग वेगळा असला की काय होते ते आमच्या कबड्डीपटूने दाखवलेच. नायटा बुरशीमुळे होतो. ही बुरशी शृंगस्तरातले केराटिन खाऊन जगते. तिच्याशी शरीर झगडते, म्हणून लाल, खाजरे, कडा उचललेले वर्तुळ दिसते. त्यावर स्टेरॉईड लावले की काय होईल, सांगा पाहू? लढाई थांबेल. लाली जाईल, खाज जाईल. बुरशी मात्र जागच्या जागी राहील आणि आता कोणी आडवे येत नाही म्हणून सुखाने पसरेल. वर्तुळाची ओळखीची कडही पुसली जाते, त्यामुळे डॉक्टरसुद्धा क्षणभर चकतात. आइव्ह आणि मार्क्स यांनी १९६८ साली याला जे लॅटिन नाव दिले त्याचा अर्थच 'ओळख लपवलेला नायटा' असा होतो.

त्याच्या ट्यूबमध्ये क्लोबेटासोल होते, एक प्रतिजैविक होते आणि एक बुरशीनाशकही होते. आपल्याकडे अशी मिसळीची मलमे फार खपतात. 'बुरशीनाशक आहे ना, मग?' असे तुम्ही विचाराल. पण अतितीव्र स्टेरॉईड तीन दिवसांत आराम देते आणि बुरशी मरायला काही आठवडे लागतात. आराम पडला की माणूस मलम बंद करतो, आणि अर्धवट मारलेली बुरशी उरते. गेल्या काही वर्षांत भारतात नेहमीच्या औषधांना दाद न देणारा नायटा वाढला आहे. त्यामागच्या बुरशीच्या जातीला २०२० साली 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' असे आपल्या देशावरूनच नाव पडले. अशा मलमांचा सर्रास वापर हे त्याच्या कारणांपैकी एक असावे, असे बरेच त्वचारोगतज्ज्ञ मानतात.

दुसरा गैरवापर तुमच्या वयाच्या मुलामुलींना अधिक जवळचा आहे. स्टेरॉईडने कातडी फिकी पडते हे आपण पाहिलेच. झाले! 'गोरे करणारी क्रीम' म्हणून ती चेहऱ्याला लावली जाऊ लागली. वांगाच्या डागांवर डॉक्टरी देखरेखीखाली काही आठवडेच वापरायची जी मलमे असतात, त्यांत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन यांच्या जोडीला स्टेरॉईड असते. मैत्रिणीने सांगितले म्हणून ती वर्षभर रोज लावणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. आधी चेहरा उजळतो. मग पुटकुळ्या येतात, गालावर लव वाढते, रक्तवाहिन्यांची जाळी दिसते. क्रीम बंद केली की आकसलेल्या रक्तवाहिन्या फुलतात. चेहरा लालबुंद होतो, उन्हात आग होते. मग आग थांबावी म्हणून पुन्हा तीच क्रीम. यातून बाहेर पडायला कित्येकांना महिने लागतात आणि तेही त्वचारोगतज्ज्ञाच्या मदतीने. 'स्टेरॉईडने बिघडलेला चेहरा' अशा अर्थाचे नावच २००८ साली भारतीय डॉक्टरांनी या विकाराला दिले. सावळ्या रंगात खोट काय आहे, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेले नाही. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

२०१८ साली भारत सरकारने अधिसूचना काढून अशी कित्येक स्टेरॉईड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असे ठरवले. ट्यूबच्या वेष्टनावर उभी लाल रेघ आणि चिठ्ठीवरच विकण्याची सूचना शोधा. सूचना छापलेली असते. दुकानाच्या फळीवर तिला किती मान मिळतो, ते तुम्ही पाहतच असाल.

मी दोन्ही मुलांना, त्यांच्या पालकांसह, जिल्ह्याच्या गावी त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे पाठवले. मुलीला मध्यम बळाचे मलम मिळाले: रात्री एक माप, दोन आठवडे, आणि मग फक्त शनिवार-रविवार. 'स्निग्ध मलम मात्र पाण्यासारखं वापरा,' असे बाईंनी तिच्या आईला बजावले. चौथ्या रात्री मुलगी सलग सात तास झोपली. इसब मुळापासून गेलेला नाही, तो अधूनमधून डोके वर काढतो. आता ती स्वतःच आईच्या बोटावर वळी काढून घेते आणि वहीत तारखा लिहिते.

मुलाचा हिशोब लांबला. बाईंनी ती ट्यूब बंद करायला लावली आणि कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे त्याला दाखवले. नऊ आठवडे बुरशीविरोधी गोळ्या आणि साधे बुरशीनाशक मलम चालले. पहिला पंधरवडा खाज आधीपेक्षा जास्त होती आणि त्याने दोनदा मला 'सर, ती जुनी ट्यूबच बरी होती' असे सांगून पाहिले. घरातल्यांचे टॉवेल वेगळे झाले, संघातल्या दोघांनाही औषध मिळाले. नायटा आता गेला आहे. जांघेत उमटलेले पांढुरके पट्टे मात्र तसेच आहेत. ते थोडे पुसट होतील, पण जाणार नाहीत, असे बाईंनी त्याला सांगितले.